धातूवर बसलेल्या रेणूचे चुंबकत्व कुठे जाते? कोबाल्ट थॅलोसायनिनच्या पातळ थरांविषयी प्रश्न

कुतूहल (प्रश्न)

नमस्कार. गेले काही महिने मी चुंबकीय सेंद्रिय रेणूंच्या पातळ थरांवर काम करत आहे. कोबाल्ट थॅलोसायनिन म्हणजे मध्यभागी कोबाल्टचा अणू आणि त्याभोवती सपाट सेंद्रिय वलय असलेला रेणू. त्याची गर्द निळी भुकटी अतिउच्च निर्वातात तापवून तिचे संप्लवन (घनाची थेट वाफ) करायचे, ती वाफ चांदीच्या (१११) पृष्ठावर, म्हणजे स्फटिकाच्या एका ठराविक प्रतलावर, बसू द्यायची, थराची जाडी टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायची आणि प्रत्येक टप्प्यावर एक्सपीएस, म्हणजे क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपट घ्यायचा, असे या कामाचे स्वरूप आहे.

थर जाड असतो तेव्हा कोबाल्टची २पी रेषा (त्याच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉनांची) अपेक्षेप्रमाणे ७८० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास मिळते. परंतु पृष्ठावर जेमतेम एका रेणूइतक्या जाडीचाच थर असताना हीच रेषा जवळपास दोन इलेक्ट्रॉनव्होल्टने कमी बंधनऊर्जेकडे (इलेक्ट्रॉन अणूतून बाहेर काढण्यास लागणाऱ्या ऊर्जेकडे) सरकलेली दिसते. शिवाय ती अरुंदही होते. कार्बन आणि नायट्रोजनच्या रेषा मात्र थोड्याशाच हलतात. रेणू तुटला असावा अशी मला आधी शंका आली होती, पण कार्बन-नायट्रोजनचे प्रमाण दोन्ही थरांत सारखेच येते, त्यामुळे ती शंका मी बाजूला ठेवली आहे.

आतापर्यंत मी असे धरून चाललो होतो की हा सपाट रेणू धातूवर नुसता टेकलेला असतो, म्हणजे हे साधे भौतिक अधिशोषण आहे, आणि मोकळ्या रेणूतील एक अयुग्मित (जोडीदार नसलेला, म्हणून चुंबकत्व देणारा) इलेक्ट्रॉन थरातही तसाच राहतो. वर्णपट पाहिल्यावर ही समजूत डळमळीत झाली आहे. रेणू आणि चांदी यांच्यात खरोखर रासायनिक बंध आहे का, असल्यास तो रेणूच्या कोणत्या भागाने जोडला आहे, आणि त्या बंधात रेणूचे चुंबकत्व टिकते की नाही, हे मला समजून घ्यायचे आहे. माझ्याकडे सध्या केवळ एक्सपीएस आहे. सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या त्वरकावर) मोजमापासाठी वेळ मिळण्यास अवकाश आहे. म्हणून उपलब्ध साधनांतून काय ठामपणे म्हणता येईल, हेही जाणकारांनी सांगावे.

कक्षक (उत्तर)

आपण प्रश्न फार योग्य जागी नेऊन ठेवला आहे. माझ्या मते गोंधळाचे मूळ ‘भौतिक’ आणि ‘रासायनिक’ या दोन खणांत आहे. लहान रेणूंसाठी हे खण उपयोगी पडतात, थॅलोसायनिनसाठी अपुरे पडतात. या रेणूत ५७ अणू असतात आणि त्याचा विस्तार सुमारे दीड नॅनोमीटर असतो. तो पृष्ठावर आडवा झोपतो, तेव्हा त्यातील प्रत्येक अणूला व्हॅन डर वाल्स बलाने मिळणारे आकर्षण अगदी थोडे असले, तरी सगळ्यांची बेरीज काही इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते. त्यामुळे ‘तापवूनही शेवटचा थर निघत नाही, म्हणजे रासायनिक बंध असलाच पाहिजे’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. रेणू घट्ट धरला गेला आहे एवढेच त्यातून कळते. कशाने धरला गेला आहे ते कळत नाही.

रेणू आणि पृष्ठ यांच्यातील अंतर हा त्याहून बोलका पुरावा आहे. क्ष-किरणांच्या स्थिर तरंगांच्या साहाय्याने हे अंतर अँग्स्ट्रॉमच्या शतांशापर्यंत मोजता येते. थॅलोसायनिनचे नसले तरी पीटीसीडीए या तशाच सपाट, चुंबकत्व नसलेल्या रेणूचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे: सोन्याच्या (१११) पृष्ठापासून त्याची उंची ३.२७ अँग्स्ट्रॉम, चांदीवर २.८६ आणि तांब्यावर २.६६. सोन्यावर तो टेकलेला आहे, तांब्यावर त्याच्या पाय-इलेक्ट्रॉनांचा (सपाट वलयाच्या वर-खाली पसरलेल्या इलेक्ट्रॉनांचा) धातूशी उघड व्यवहार चालू आहे आणि चांदी या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. एकच रेणू, तीन धातू, आणि कुठेही अशी रेघ नाही की जिच्या अलीकडे सगळे भौतिक आणि पलीकडे सगळे रासायनिक म्हणता येईल.

आता आपल्या रेणूकडे वळू. इथे केवळ ‘किती घट्ट’ हे विचारून भागत नाही. अयुग्मित इलेक्ट्रॉन कोणत्या कक्षकात (इलेक्ट्रॉन जिथे सापडतो त्या अवकाशात) बसला आहे आणि ते कक्षक कोणत्या दिशेला पसरले आहे, हे विचारावे लागते. कोबाल्ट थॅलोसायनिनमध्ये तो इलेक्ट्रॉन डी-झेड-स्क्वेअर कक्षकात असतो. हे कक्षक रेणूच्या प्रतलाला लंब, म्हणजे वर आणि खाली पसरलेले असते; रेणू आडवा झोपला की त्याचा खालचा पाकळीसारखा भाग थेट चांदीच्या इलेक्ट्रॉनांत शिरतो. याउलट तांब्याच्या थॅलोसायनिनमध्ये अयुग्मित इलेक्ट्रॉन रेणूच्या प्रतलातच, चार नायट्रोजनांकडे तोंड करून असलेल्या कक्षकात असतो, आणि खालच्या धातूशी त्याची गाठ जवळजवळ पडतच नाही.

हा फरक प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येतो, आणि मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ पडद्यासमोरून हललो नव्हतो. सोन्यावर हे दोन्ही रेणू एकत्र बसवून स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर दोघेही चार पाकळ्यांच्या फुलासारखे दिसतात. परंतु कोबाल्टच्या रेणूच्या मध्यभागी उजळ उंचवटा असतो, तर तांब्याच्या रेणूच्या मध्यभागी काळसर खळगा. दोन्ही अणूंची उंची जवळपास सारखीच आहे. उजळपणा येतो तो फर्मी पातळीजवळ (धातूतील इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या ऊर्जेजवळ) असलेल्या त्या उभ्या कक्षकामुळे, ज्यातून सूक्ष्मदर्शकाच्या टोकाकडे आणि धातूकडे इलेक्ट्रॉनांची ये-जा सहज होते. म्हणजे चित्रात जे ठळक दिसते आहे, तेच धातूशी बंध जोडणारे कक्षक आहे.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे: होय, चांदी आणि कोबाल्ट यांच्यात बंध आहे, आणि तो मुख्यतः मध्यवर्ती अणूच्या या उभ्या कक्षकातून जातो. कक्षकाचे धातूच्या ऊर्जापट्ट्यांशी संकरण (मिश्रण) होते, त्याची पातळी रुंदावते आणि खाली सरकते, आणि धातूकडून आलेला विद्युतभार त्यातील रिकामी जागा भरून काढतो. इलेक्ट्रॉनाला जोडीदार मिळाला की स्पिन (इलेक्ट्रॉनाला चुंबकत्व देणारा गुण) संपला. पहिल्या थरातील कोबाल्टचे चुंबकत्व याच कारणाने विझते. त्याच्यावरचा दुसरा-तिसरा थर मात्र धातूपासून पुरेसा दूर असल्यामुळे आपले चुंबकत्व राखतो.

याला एक सुंदर प्रायोगिक दुजोरा आहे. २००५ मध्ये चीनमधील संशोधकांनी सोन्याच्या (१११) पृष्ठावरील एका कोबाल्ट थॅलोसायनिन रेणूच्या कडेचे आठ हायड्रोजन अणू सूक्ष्मदर्शकाच्या टोकातून विद्युतदाबाचे झटके देऊन एकेक करून काढले. हायड्रोजन गेल्यावर कडेचे कार्बन अणू सोन्याला घट्ट चिकटले, त्यांच्या ओढीने रेणूचा आकार बदलला आणि मधला कोबाल्ट पृष्ठापासून वर उचलला गेला. हायड्रोजन काढण्यापूर्वी त्या रेणूत चुंबकत्वाची खूण नव्हती. नंतर तिथे कोंडो परिणामाची स्पष्ट खूण उमटली आणि तिचे तापमान २०० केल्विनच्या वर निघाले. कोंडो परिणाम म्हणजे एकाकी स्पिनभोवती धातूच्या इलेक्ट्रॉनांनी जमून त्याला झाकण्याचा प्रयत्न करणे. जून कोंडो यांनी १९६४ मध्ये त्याचे स्पष्टीकरण दिले. झाकायला स्पिन असेल तरच तो दिसतो. धातू तोच, रेणूही बहुतांशी तोच, आणि चिकटण्याची जागा मध्यातून कडेला गेली एवढ्यानेच चुंबकत्व परतले. म्हणून मी नेहमी म्हणतो की ‘रेणू कसा चिकटला’ आणि ‘रेणू चुंबकीय आहे का’ हे दोन प्रश्न वेगळे करून सोडवताच येत नाहीत.

धातू नेहमी चुंबकत्व हिरावूनच घेतो, असा मात्र समज करून घेऊ नये. निकेल थॅलोसायनिन मोकळ्या अवस्थेत चुंबकीय नसते. तोच रेणू चांदीच्या (१००) पृष्ठावर बसला की चांदीकडून एक इलेक्ट्रॉन घेतो, आणि तो इलेक्ट्रॉन निकेलवर न जाता सेंद्रिय वलयाच्या पाय-कक्षकात एकटा राहतो. त्यामुळे जो रेणू येताना चुंबकीय नव्हता, तो बसल्यावर चुंबकीय होतो. तांब्याच्या थॅलोसायनिनमध्ये तर तांब्याचा मूळ स्पिन आणि वलयातील हा नवा स्पिन असे दोन्ही एकाच रेणूत नांदतात.

निर्वात (उत्तर)

कक्षक यांनी सांगितलेल्या चित्राशी मी सहमत आहे. परंतु ज्याच्या हाती फक्त एक्सपीएस आहे, त्याने त्या चित्रापर्यंत किती सावधपणे पोहोचावे, याबद्दल थोडे लिहितो, कारण याच ठिकाणी मी स्वतः एकदा घाईने निष्कर्ष काढला होता आणि पुढे तो मागे घ्यावा लागला होता.

धातूला लागून असलेल्या थरातील रेषा कमी बंधनऊर्जेकडे सरकण्याचे एक अगदी सामान्य कारण आहे, आणि त्याचा बंधाशी काहीही संबंध नाही. क्ष-किरणाने अणूच्या आतल्या कवचातून इलेक्ट्रॉन बाहेर काढला की मागे धन विद्युतभाराची पोकळी राहते. जवळच धातू असेल, तर त्याचे मोकळे इलेक्ट्रॉन त्या पोकळीवर छाया धरतात, अंतिम अवस्थेची ऊर्जा उतरते आणि मोजलेली बंधनऊर्जा कमी भरते. जाड थराच्या वरच्या भागातील रेणूंना ही छाया मिळत नाही. हा परिणाम रेणूतील सगळ्याच अणूंवर होतो, पण साधारणपणे तो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या काही दशांशांपुरताच असतो. आपल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या रेषा जेवढ्या हलल्या, तेवढा भाग या छायेचा धरावा आणि तो कोबाल्टच्या सरकण्यातून वजा करावा. जे उरेल, त्याचेच स्पष्टीकरण बंधाने द्यायचे आहे. तुमच्या बाबतीत वजाबाकीनंतरही बरेच उरते, म्हणून मुद्दा भक्कम आहे. परंतु ही वजाबाकी प्रबंधात दाखवलीच पाहिजे.

दुसरी सूचना तुलनेची आहे. चांदीच्या (१११) पृष्ठावरील पॉर्फिरीनवर, म्हणजे थॅलोसायनिनसारख्याच वलयाच्या रेणूंवर, झालेले काम तुम्हाला आदर्श म्हणून घेता येईल. कोबाल्ट टेट्राफेनिलपॉर्फिरीनच्या एकरेणू थरात कोबाल्टची रेषा जाड थराच्या तुलनेत जवळपास १.८ इलेक्ट्रॉनव्होल्टने खाली आढळली, तर जस्ताच्या पॉर्फिरीनमध्ये असे मोठे सरकणे मिळाले नाही. जस्ताची डी-कक्षके पूर्ण भरलेली असल्यामुळे चांदीकडून काही स्वीकारण्यास तिथे जागाच नसते. म्हणून कोबाल्टसोबत जस्ताचे किंवा तांब्याचे थॅलोसायनिन त्याच चांदीवर, त्याच दिवशी, त्याच मांडणीत बसवून पाहावे. बाकी सारे सारखे ठेवून मध्यवर्ती अणू तेवढा बदलल्यावर जो फरक पडतो, तो मध्यवर्ती अणूच्या बंधाचाच असतो.

तिसरी गोष्ट वायूची, आणि मला ती सर्वांत आवडते. बंध जर खरोखर उभ्या कक्षकातून जात असेल, तर कोबाल्टच्या वरच्या बाजूने दुसरा कोणी त्याच कक्षकाला धरू लागल्यास खालचा बंध सैल पडायला हवा. तसेच होते. नायट्रिक ऑक्साइडचा रेणू वरून कोबाल्टला जोडला गेला की कोबाल्टची रेषा पुन्हा जाड थरातील जागेकडे परतते. आणि तापवून तो वायू काढून टाकला की ती पुन्हा खाली येते. समन्वय रसायनशास्त्रात ज्याला ट्रान्स परिणाम म्हणतात, त्याचेच हे पृष्ठभागावरील रूप आहे. धातूचा संपूर्ण पृष्ठ इथे एखाद्या लिगंडप्रमाणे (मध्यवर्ती धातू-अणूला जोडलेल्या गटाप्रमाणे) वागतो. तुमच्या निर्वातपात्राला गळती-झडप बसवलेली असेल, तर हा प्रयोग एका दिवसाचा आहे आणि त्यासाठी सिंक्रोट्रॉन लागत नाही. मात्र वायू शुद्ध हवा आणि पात्राच्या भिंतींवरून त्याचा अंश पुढे बराच काळ निघत राहतो, हे लक्षात ठेवून वायूचा प्रयोग मालिकेच्या शेवटी ठेवावा.

एवढे सांगितल्यावर एक मर्यादाही नोंदवतो. एक्सपीएस विद्युतभार आणि रासायनिक परिसर सांगते, स्पिन सांगत नाही. कोबाल्टकडे इलेक्ट्रॉन आला, एवढे तुम्ही ठामपणे लिहू शकता. ‘म्हणून चुंबकत्व विझले’ हे वाक्य अनुमान म्हणूनच लिहावे लागेल. त्यावर शिक्कामोर्तब करण्यासाठी वर्तुळी ध्रुवीकरण झालेल्या क्ष-किरणांनी चुंबकीय द्विवर्णता मोजावी लागते. तीत कोबाल्टच्या एल-कडेपाशी उजव्या आणि डाव्या ध्रुवीकरणाच्या शोषणातील फरक पाहतात, आणि त्या फरकातून त्या एकाच मूलद्रव्याचा चुंबकीय आघूर्ण (चुंबकत्वाचे माप) निघतो. धातूच्या अब्जावधी अणूंच्या गर्दीतून एका विरळ थरातील कोबाल्ट वेगळा काढता येतो, तो याच पद्धतीने.

कुतूहल

दोघांचे मनापासून आभार. छायेची वजाबाकी मी काल रात्रीच करून पाहिली. कार्बनची रेषा ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्टने हलली आहे. ते वजा करूनही कोबाल्टचे दीडच्या आसपास उरते. तांब्याच्या थॅलोसायनिनची भुकटी आमच्याकडे आहे. ती पुरेशी शुद्ध व्हावी म्हणून आता बाष्पकात हळूहळू तापवत ठेवली आहे.

यातून दोन नवे प्रश्न उभे राहिले. पहिला असा की, पहिल्या थराचे चुंबकत्व टिकवायचे असेल, तर कक्षकाची दिशा पाहून रेणू निवडणे एवढा एकच मार्ग आहे का? दुसरा प्रश्न माझ्या सहकाऱ्याचा आहे. तो ज्या रेणूंवर काम करतो त्यांत धातूचा अणूच नाही. ते नायट्रोनिल नायट्रॉक्साइड जातीचे, निव्वळ सेंद्रिय मूलक (अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेले रेणू) आहेत. त्यांच्यासाठीही हेच नियम लागू होतात का?

अभ्रक (उत्तर)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्या रेणूंवर मी काम केले आहे आणि त्यांच्याबद्दल मला विशेष आपुलकी आहे. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन एवढ्यांतूनच चुंबक घडू शकतो, हे १९९१ मध्ये जपानमध्ये दाखवले गेले, तेव्हाचा रेणूही याच कुळातील होता. त्याचा स्फटिक ०.६ केल्विनच्या खाली लोहचुंबकीय होतो. तापमान अतिशय कमी आहे हे खरे, पण धातूचा एकही अणू नसताना ते घडते, याचे मोल मोठे आहे.

या मूलकांत अयुग्मित इलेक्ट्रॉन एखाद्या आतल्या कवचात दडलेला नसतो. तो दोन नायट्रोजन-ऑक्सिजन गटांवर पसरलेला, म्हणजे रेणूच्या बाहेरच्या अंगालाच असतो. त्यामुळे मूलभूत नियम तोच लागू होतो, पण धोका अधिक असतो. इलेक्ट्रॉन धातूला भेटला तर केवळ संकरण होऊन थांबत नाही, अनेकदा सरळ अभिक्रिया होते. सोन्यासारख्या शांत पृष्ठावर हे रेणू पुष्कळदा तग धरतात. अधिक क्रियाशील पृष्ठांवर, किंवा पृष्ठावरील दोषांच्या ठिकाणी, ऑक्सिजन निघून जाण्याचा किंवा इलेक्ट्रॉनाची जोडी लागण्याचा संभव असतो. आपल्या सहकाऱ्यांनी नायट्रोजनची १एस रेषा बारकाईने पाहावी. नायट्रोनिल नायट्रॉक्साइडमधील दोन्ही नायट्रोजन एकसारखे असतात, म्हणून मूलक शाबूत असेल तर त्यांची एकच रेषा मिळते. एक ऑक्सिजन गळाला की दोन नायट्रोजन वेगळे होतात आणि कमी बंधनऊर्जेच्या बाजूला दुसरी रेषा डोके वर काढते. ती रेषा दिसली की आपण बसवलेला रेणू आणि पृष्ठावर असलेला रेणू एक नाहीत, हे समजावे.

ही दुसरी रेषा पृष्ठामुळेच आली असे मात्र लगेच मानू नये. हे मूलक तापमानाला नाजूक असतात. त्यांची वाफ होण्याचे तापमान आणि ते मोडण्याचे तापमान यांत थोडेच अंतर असते, त्यामुळे काही रेणू बाष्पकातच मोडून मग पृष्ठावर येतात. क्ष-किरणांचा झोतही त्यांना मोडतो. म्हणून एकाच जागी लागोपाठ वर्णपट घेऊन रेषेचा आकार वेळेनुसार बदलतो का, हे आधी तपासावे, आणि बदलत असल्यास प्रत्येक मोजमापासाठी नमुना सरकवून नवी जागा घ्यावी. जाड थरातही ती दुसरी रेषा त्याच प्रमाणात असेल, तर दोष बाष्पकाचा. फक्त पहिल्या थरात असेल, तर पृष्ठाचा.

आता पहिला प्रश्न. कक्षकाची दिशा पाहून रेणू निवडणे हा एक मार्ग झाला. स्पिन रेणूच्या आत खोलवर लपवणे हा दुसरा. टर्बियमच्या दुमजली थॅलोसायनिनमध्ये टर्बियमचा अणू दोन वलयांच्या मधे असतो आणि त्याचे चुंबकत्व आतल्या एफ-इलेक्ट्रॉनांचे असते, त्यामुळे धातू त्याच्या आघूर्णाला सहसा धक्का लावू शकत नाही. तरीही आघूर्ण टिकणे वेगळे आणि चुंबकीय स्मृती टिकणे वेगळे. थेट धातूवर बसलेल्या या रेणूंची चुंबकीय दिशा धातूच्या इलेक्ट्रॉनांमुळे लवकर ढळते आणि हिस्टेरेसिसचे, म्हणजे क्षेत्र हटवल्यावरही चुंबकत्व मागे राहिल्याचे दाखवणारे, वळण जवळपास मिटून जाते. २०१६ मध्ये हेच रेणू चांदीवर वाढवलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या काही अणुथरांवर बसवले गेले, तेव्हा ते वळण ठसठशीत उघडले. मधला विद्युतरोधक थर धातूच्या इलेक्ट्रॉनांना रेणूपर्यंत सहज पोहोचू देत नाही, हेच त्याचे कारण. तांब्यावरील कॉपर नायट्राइडचा थरही याच कामासाठी वापरतात.

तिसरा मार्ग रेणूला लांब हात देण्याचा. चार लोह अणूंच्या एका रेणुचुंबकाला गंधकाने संपणारी सेंद्रिय साखळी जोडून तो सोन्यावर टांगल्यासारखा बसवला गेला; गंधक सोन्याला घट्ट धरते आणि चुंबकीय गाभा दूर राहतो. २००९ मध्ये फ्लॉरेन्स येथील गटाने दाखवले की अशा एकरेणू थरातही एक केल्विनखाली चुंबकीय स्मृती शाबूत असते. त्याआधी मँगनीजच्या बारा अणूंचा सुप्रसिद्ध रेणू सोन्यावर बसवण्याचे प्रयत्न अनेकांनी केले होते, आणि त्यात मँगनीजचे क्षपण होऊन गाभ्याचीच घडण बिघडत असल्याचे आढळले. हात कितीही लांब दिला तरी गाभा स्वतः रासायनिकदृष्ट्या टणक असावा लागतो, हे त्या अपयशातून सर्वांना कळले.

कक्षक

अभ्रक यांच्या उत्तराला एकच जोड देतो, कारण आतापर्यंतची सारी चर्चा धातूपासून रेणूला वाचवण्याच्या दिशेने गेली आहे. आधार जर स्वतःच लोहचुंबकीय असेल, तर तोच बंध, जो चांदीवर आपल्याला नकोसा वाटतो, उपयोगाचा ठरतो. २००७ मध्ये लोहाचे पॉर्फिरीन निकेल आणि कोबाल्टच्या चुंबकीय पातळ थरांवर बसवले गेले, तेव्हा रेणूतील लोहाचा आघूर्ण खालच्या थराच्या दिशेला समांतर उभा राहिला, आणि तोही खोलीच्या तापमानाला. मोकळ्या अवस्थेत अशा विखुरलेल्या रेणूंचे स्पिन त्या तापमानाला कुठेही वळलेले असतात. त्यांना एका दिशेत धरून ठेवले ते या संकरित बंधाने. पुढे त्याच चुंबकीय थरावर ऑक्सिजन अणूंची एक विरळ चादर अंथरून त्यावर हे रेणू बसवल्यावर लोहाचा आघूर्ण आधाराच्या विरुद्ध दिशेला वळला. ऑक्सिजनने बंध तोडला नाही. त्याने तो आपल्यामार्फत जोडला, आणि मध्यस्थ बदलताच चिन्हही बदलले.

म्हणून कुतूहल यांना माझी विनंती आहे की सिंक्रोट्रॉनवर वेळ मिळेल तेव्हा अर्जात चांदीसोबत निकेलचा पातळ थरही मागावा. चांदीवर कोबाल्टची द्विवर्णता शून्याजवळ आली आणि तांब्याच्या थॅलोसायनिनची शाबूत मिळाली, तर आपली आजची चर्चा तपासून झाली. निकेलवर काय मिळेल याचा अंदाज मी मुद्दाम देत नाही, कारण तिथे कोबाल्टच्या कक्षकात किती विद्युतभार येतो यावर सगळे अवलंबून आहे आणि ते आपल्याच एक्सपीएस मोजमापांतून आधी कळेल.

कुतूहल

अर्जात निकेल घालतो. तांब्याच्या थॅलोसायनिनचा पहिला थर आज सकाळी चांदीवर बसवला. त्यात तांब्याची रेषा जाड थराच्या तुलनेत कार्बनइतकीच, म्हणजे केवळ छायेपुरती हलली आहे. नायट्रिक ऑक्साइडची टाकी मागवली असून ती आल्यावर कोबाल्टच्या थरावरील मोजमाप याच धाग्यात लिहीन.